परशूची पाठ

पुंडलिकने डबा उघडला आणि त्याला कळलं, आत कुणाचा तरी हात लागलाय.

आठ दिवस त्याला संशय होताच. धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून तो पाचला घरी यायचा, तेव्हा घरात एक वास असायचा. जळका नाही, गोडसर. केमिकलमध्ये वीस वर्षं काढलेलं नाक. फळीवरच्या छोट्या ओव्हनवर सात महिन्यांची धूळ होती, ती अचानक गेली. त्याने सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "पुसला, बाबा." कशाला पुसला ते काही बोलली नाही.

डब्यात एकवीस परशू होते. गणपतीच्या हातात द्यायचे, रुपयाएवढ्या पात्याचे. त्याच्या बायकोने, सगुणाने, ते पॉलिमरच्या मातीचे केले होते. ही माती शाडूसारखी वाळत नाही. ओव्हनमध्ये भाजेपर्यंत मऊच राहते. भाजायच्या आधीच सगुणा अंथरुणाला खिळली, आणि माघात गेली.

पातं दांड्यावर बसवताना ती मागून अंगठ्याने दाबायची. प्रत्येक परशूच्या पाठीवर तिचा अंगठा उमटलेला, आणि त्याच्या मधोमध एक आडवी रेघ. भातकापणीत विळा लागला होता, त्याची. पाठ कधी कुणाला दिसत नाही, म्हणून ती पुसतही नसे. पुंडलिक रोज डबा उघडून दोन-चार परशू बघायचा आणि झाकण लावायचा. हात लावायचा नाही.

आज त्याने वरचे चार उजेडात धरले. रेघ होती. पण सगुणाचा अंगठा डावीकडे कललेला असायचा. हा उजवीकडे कलला होता. डाव्या हाताचा होता.

घरात डावरी एकच.

सून मैना चुलीपुढे भाकरी थापत होती, डाव्या हाताने.

"डब्याला हात कोनी लावला?"

"कंच्या डब्याला?"

"तुला ठावं हाय कंच्या."

ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग बोलली.

"मी लावला."

"ही रेघ?"

"सुईनं काढली."

"तिचे कुठं हायेत?"

"दाजींकडं. भाजून दिले."

"विकलेस."

"नाय, बाबा. आईंनी शब्द दिलेला. पडल्या पडल्या दोनदा बोलल्या, परशू तेवढे भाजून दाजींना दे, नायतर त्यांचे गणपती रिकाम्या हातानं ऱ्हातील. तुमी तर डबा उशाशी घेऊन निजता. मागू कशी?"

"मला नाय बोलली ती."

"तुमी शिफ्टला होतात."

पुंडलिकने हातातले परशू डब्यात ठेवले. मेलेलं माणूस काय बोललं ते विचारायला कुणाकडे जायचं? सोयीचं होतं.

"मग हे खोटे कशाला करून ठेवलेस?"

"डबा रिकामा दिसला असता तर तुमी जेवला नसता."

त्याने चपला घातल्या आणि तडक दाजीचा गणपतीचा कारखाना गाठला. दाजी मूर्तींच्या रांगेपुढे पाटावर बसून डोळ्यांची आखणी करत होता.

"सगुणाचे परशू दे."

दाजीने कुंचला खाली ठेवला नाही. "समोर हायेत. घे."

पुंडलिक वाकला. दांडा देवाच्या मुठीत होता. पात्याची पाठ उभ्या दोन बोटांवर घट्ट चिकटवली होती. वरून रुपेरी पातं तेवढं दिसत होतं. कुणाच्या हातचं, ते कळायला मार्ग नव्हता.

"काढायचे तर बोटं फोडावी लागतील," दाजी म्हणाला. "डोळे उघडलेत त्यांचे. मी नाय फोडनार. तुला फोडायची तर ही कोरणी घे."

पुंडलिकने कोरणी हातात घेतली. तो पहिल्या मूर्तीपासून शेवटच्या मूर्तीपर्यंत गेला. शेवटची मूर्ती बघून थांबला. तिची मूठ रिकामी होती.

"याचा कुठं गेला?"

"ते सुनेला विचार. एकवीस ठरलेले, वीस घेऊन आली. बोलली, एक मागू नका दाजी, तो घरात ऱ्हानार. मी बोललो, सगुणानं एकवीसचा शब्द दिलेला. तर बोलली, बाबांना इचारा, माझी हिंमत नाय."

पुंडलिकने कोरणी पाटावर ठेवली. दाजी पुढच्या मूर्तीच्या डोळ्याला लागला.

घरी येऊन त्याने डबा ओट्यावर ओतला नाही. एकेक परशू उचलून फडक्यावर पालथा ठेवत गेला. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. वीस झाले. तळाशी कागद होता. कागदाखाली एकविसावा होता, पालथा. अंगठा डावीकडे कललेला. रेघ सुईची नव्हती. कडेला फाटून पुन्हा जुळलेल्या कातडीचा ठसा होता.

मैना दारात उभी होती.

पुंडलिकने फडक्यावरचा एक परशू उचलून तिच्या हातात दिला.

"हा भाज. दाजीचा एक गणपती खोळंबलाय."

"माझा चालंल?"

"पाठ कोन बघतो?"

ती ओव्हनकडे वळली. मग थांबली.

"आईंचा पन भाजू? घट्ट होईल. मग हात लावला तरी अंगठा पुसायचा नाय."

पुंडलिकने डब्यातल्या परशूवर बोट धरलं, केसभर वर.

"नको," तो म्हणाला. "आजून मऊ हाय."