डावीकडचा दुसरा दात

डबा उघडून तिने प्लास्टरचा जबडा तळहातावर घेतला आणि स्टूल ओढून खाली बसली.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. दवाखान्यांकडून दात बनवणाऱ्या या लॅबमध्ये नावं येत नसत, नुसते क्रमांक येत. पण वरच्या ओळीत डावीकडचा दुसरा दात किंचित वळून शेजाऱ्याच्या अंगावर रेलला होता; गर्दीत कुणी खांदा तिरका करून घुसावं तसा. अगदी तसाच दात तिच्या स्वतःच्या तोंडात होता. सोबतच्या फोटोत फक्त ओठ आणि दात दिसत होते. वरच्या ओठाच्या कडेला एक बारीक व्रण होता. लेक आठ वर्षांची असताना तिथे दोन टाके पडले होते आणि टाके घालताना पाय धरून ठेवले होते ते हिनेच.

चिठ्ठीत लिहिलं होतं : वरचे आठ व्हिनियर. म्हणजे नखासारखे पातळ चिनी मातीचे पापुद्रे, दातांच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचे. त्याआधी मेणाचा नमुना. खाली एक ओळ अधोरेखित होती : डावीकडचा दुसरा सरळ हवा, पेशंटचा आग्रह.

"काय हो बाई, भूत पाहिलंत का?" साचे ओतणाऱ्या मास्तरांनी विचारलं. त्यांचे हात कोपरापर्यंत कायम पांढरे असत. "जबडाच आहे तो. चावायचा नाही."

जन्मभर जबडे ओतूनही मास्तरांचं जिवंत माणसाच्या तोंडाकडे कधी लक्ष नसे. ते एक बरं होतं.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा अकरा दिवस हॉस्पिटलात होता. लेकीची शेवटची परीक्षा चालू होती, दूरच्या गावी. लेक रोज फोन करी आणि ती रोज सांगे, बाबा झोपलेत. पोरीचं वर्ष वाया जाईल. माणूस काय, आज ना उद्या उठून बसेल. आठव्या दिवशी नवरा स्वतः म्हणाला, "तिला बोलव गं." तिने मान डोलावली आणि बोलावलं नाही. लेक पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाजूला सारलेल्या खुर्च्यासुद्धा परत जागेवर लागल्या होत्या. लेक रडली नाही. "तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाही," एवढंच म्हणाली, आणि शब्दाला जागली.

फक्त आरशाचा इलाज लेकीकडे नव्हता. रोज सकाळी आरशात तेच तोंड तिच्याकडे बघत असणार. आता त्याचीही सोय होत होती.

मेण चढवण्याआधी प्लास्टरच्या दाताचा वळलेला कोपरा कापावा लागतो. असे कोपरे तिने चहा पिता पिता शेकड्याने उडवले होते. या वेळी सुरी दोनदा खाली ठेवली. मग कापला. पांढरी भुकटी फुंकरीने उडवली. दुसऱ्या दिवशी नमुना पुरा झाला, तेव्हा मास्तर म्हणाले, "वा! असे दात मिळाले तर माणूस विनोद न कळताही हसेल."

पेशंटचे खरे दात अजून घासून पातळ केले नव्हते. नमुना पसंत पडला, रंग ठरला, की दवाखान्यात घासायचे होते; आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. रंग बहुधा दवाखान्यातच ठरे. अवघड असला तरच पेशंटला लॅबमध्ये बोलावत. हा रंग मुळीच अवघड नव्हता.

तिने दवाखान्याला फोन लावला. "रंग अवघड आहे," ती म्हणाली. "पेशंटला इकडे पाठवा."

लेक गुरुवारी आली. अंगाने भरली होती. केस आखूड केले होते. मास्तरांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, उजेडासाठी.

आईने टोपी, चष्मा, मास्क, सगळं चढवलं होतं. तिचा बेत साधा होता. आधी रंग बघायचा, काम म्हणून. मग मास्क काढायचा. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं : मी चुकले, बोलवायला हवं होतं. पुढचं लेक ठरवेल.

आवाज ओळखू येईल म्हणून तिने नुसती खूण केली. लेकीने ओठ वर घेतले. रंगाचे नमुने एकेक करून आईने दातांशी धरले. सहा वर्षांनी तिची बोटं त्या गालाला लागत होती. पहिलाच नमुना तंतोतंत जुळला होता. ती चौथा शोधू लागली.

मास्तरांना गप्प बसवेना. "दात तर झकास आहेत की तुमचे. हा एकच तेवढा आगाऊ. घराण्यातला दिसतो."

"आईचा," लेक म्हणाली.

"मग आईला विचारलंत का? आमची म्हातारी असती तर म्हणाली असती, मी दिलेलं मोडायला निघालास?"

"आई नाही. गेली."

नमुना दाताजवळच थांबला. मास्तर ओशाळले. पांढरे हात त्यांनी उगाच एप्रनला पुसले. "अरेरे. कधी?"

लेकीने मास्तरांकडे पाहिलं नाही. ती टोपी आणि मास्क यांच्या मधल्या डोळ्यांत बघत होती. खुर्चीत बसल्यापासून तिथेच बघत होती.

"बाबा गेले, त्याच दिवशी," ती म्हणाली.