सेकंदाचा पाचवा हिस्सा

हजाराव्यांदा स्वानंदीने लाकडी पट्टी पत्रा कापणाऱ्या प्रेसमध्ये सरकवली. मशीन जागच्या जागी थांबलं.

कालपर्यंत असं नव्हतं. शेदोनशे वेळा ते नीट थांबायचं आणि एखाद्या वेळी पट्टीचे दोन तुकडे व्हायचे.

अंबडच्या कारखान्यातल्या या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर यांना जोडणारा प्रोग्रॅम, २००३ साली तिनेच लिहिला होता. मशीनपुढच्या प्रकाशकिरणात हात आला की मशीन थांबलं पाहिजे. पण नग मोजणारं कामही किरणाची तीच माहिती वापरायचं. दोन्ही कामं एकदम तिथे घुसू नयेत म्हणून तिने लॉक ठेवलं होतं. मोजणी आत शिरून कुलूप लावायची आणि आकडा डिस्कवर लिहून होईपर्यंत उघडायची नाही. थांबण्याचा हुकूम तोवर बाहेर ताटकळायचा. सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता तिने डिस्कवरचं लिहिणं कुलपाबाहेर काढलं, इतकंच. चार ओळी.

आठ महिन्यांपूर्वी याच मशीनने मल्हारीची तीन बोटं नेली होती. चौकशीत लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मल्हारीने त्याखाली डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि तो गावी निघून गेला. तेव्हापासून कणीक मळताना, वेणी घालताना स्वानंदीची नजर स्वतःच्या बोटांवर जायची आणि हात थबकायचे.

"सगळ्या मशीनवर नवा प्रोग्रॅम चढवा," साहेब म्हणाले. "काय बदललं ते मात्र कुठे लिहू नका."

तिने लिहिलं. खाली सही केली आणि रविवारी कळवणची एसटी धरली.

मल्हारी ओट्यावर बसून डाव्या हाताने भुईमुगाच्या शेंगा तोडत होता. त्याच्या बायकोने, नवसाबाईने, पाणी आणलं. स्वानंदीने तांब्याला हातही लावला नाही.

"चूक तुमची नव्हती, मल्हारीभाऊ. मशीन उशिरा थांबलं, माझ्या प्रोग्रॅममुळे. सगळं या कागदावर लिहिलंय. हा दाखवून पुन्हा चौकशी मागा. माझी नोकरी गेली तरी चालेल."

नवसाबाईने पदर डोळ्यांना लावला. "येवढे दिस मी यांनाच बोल लावत व्हते."

मल्हारीने कागद घेतला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"मशीन मधूनच उशिरा थांबतंय, हे मी तुम्हाला सांगितलं व्हतं ताई. आठ दिस आधी. तुम्ही येऊन चार-पाच डाव चालवून बघितलं. म्हणल्या, कॉम्प्युटर अडखळत नाय, मल्हारीभाऊ, तुम्हाला भास झाला असंल."

तिला काही आठवेना. मग आठवलं.

"तुम्ही शिकलेलं माणूस," मल्हारी म्हणाला. "तुमच्या शब्दावर तर अडकलेला पत्रा काढाया हात घातला."