मिरचीवरचा बोकड्या

मिरचीच्या शेंड्यावरची सात पानं वर वळून होडीसारखी झाली होती. भिंगातून पाहिलं, तर एकही कीड नव्हती. म्हणजे हा विषाणूचा बोकड्या, पानं मुरडणारा रोग. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकणं एवढाच उपाय.

तरीही आज पुन्हा एक फोटो काढून मी लेकीला पाठवला आणि विचारलं, "पाणी कमी पडतंय का?" ती कृषी अधिकारी आहे. एरवी तिला बोलायला वेळ नसतो, पण आजारी पान दिसलं की लगेच फोन करते.

"आई, तीन आठवडे सांगतेय, उपट ते. बाकीच्या कुंड्यांनाही लागेल."

"ताक फवारून बघू?"

"तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, आणि आता ताक?" ती हसली, मग म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना?"

तिचे बाबा गेल्यापासून ती मला तिकडे बोलावत होती. मी दरवेळी कुंड्यांचं निमित्त सांगून टाळत होते.

"हो. झाड उपटलं, तर तू फोन कशाला करशील, असं वाटलं," मी म्हणाले. "मला इथे एकटीला करमत नाही गं. मी तुझ्याकडे राहायला येते, कायमची."