घंटीची डबी

ती अर्धी डिकीत शिरलेली, दातांत टॉर्च, एक हात पॅनलमागे अडकलेला, आणि नेमका तेव्हाच तिच्या खिशातला फोन थरथरायला लागला. गाडीतला अँप्लिफायर सगळ्यात अडचणीच्या जागी बसवायची कंपनीवाल्यांना काय हौस असते, देव जाणे! शेवटचा स्क्रू बोटांना लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. थरथरू दे, तिने ठरवलं. फोन कोणाचा आहे ते तिला ठाऊक होतं.

गाडी दातांच्या डॉक्टरची होती. दिवसभर लोकांच्या दाढा कोरणाऱ्या त्या माणसाला घरी जाताना छाती हादरवणारा बास हवा होता. कंपनीचा अँप्लिफायर काढायचा, बाहेरचा दणकट बसवायचा. "तुमच्यासारखं काम कुणाला जमत नाही बघा!" असं तो सकाळी तिच्या वडिलांपाशी ओरडून गेला होता. त्यावर बाबा हसून म्हणाले होते, "हो हो, संध्याकाळीच न्या."

बाबांचे कान गेले होते. तिचा साउंडचा कोर्स संपला, दुसऱ्या शहरात स्टुडिओत काम शोधायचं तिने नाव काढलं, आणि त्याच महिन्यात बाबांना ऐकू येईनासं झालं. नशीब फुटकं म्हणतात ते हेच. कानाच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले. "आयुष्यभर दणदणाट ऐकला, आता कान संपावर गेले," म्हणाले. तिने हौसेनं कानाचं यंत्र आणलं, तर म्हणे कानात मुंग्या चालल्यासारखं होतं. यंत्र ड्रॉवरमध्ये पडलं ते पडलंच.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोघं, गाड्यांना स्पीकर बसवायच्या दुकानात दोघं. बाबांचे कान गेल्यापासून गिऱ्हाईक तिच्याशी बोलायचं आणि ती बाबांच्या कानाशी ओरडायची. स्पीकर लावून झाले की बाबा गाडीच्या दारावर तळहात ठेवून बास जोखायचे, बाकी सगळं ऐकणं तिच्याकडे. रोज घसा बसायचा. दुकानाला खिडकी नव्हती. समोर शटर, मागे भिंत, आणि मधे ती.

स्क्रू निघाला. कंपनीचा अँप्लिफायर तिने बाहेर काढला आणि डिकीच्या काठावर बसून घाम पुसला. फोन पुन्हा थरथरला. आता उचलायलाच हवा होता. दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओनं तिला कामाला बोलावलं होतं आणि तिथल्या मॅडमना आज उत्तर हवं होतं.

बाबा तिथेच स्टुलावर बसून वायरी सोलत होते. त्यांच्यासमोर वाट्टेल ते बोलता यायचं, तेवढाच काय तो फायदा.

"नाही जमणार, मॅडम," ती म्हणाली. आवाज फाटला तसा तिने घसा खाकरला. "यायची इच्छा नाही असं नाही हो. इथे जीव गुदमरतो माझा. सकाळी शटर वर करते ना, तेव्हा रोज रडू येतं. पण बाबांना ऐकू येत नाही. मी गेले तर त्यांचं कसं व्हायचं? नका थांबू माझ्यासाठी. दुसऱ्या कोणाला तरी घ्या."

बाबांच्या हातातली पक्कड जरा थांबली. वायर जाड असावी.

फोन ठेवून ती नव्या अँप्लिफायरला भिडली. वायरी जोडल्या, गाणं लावलं, बाबांनी दारावर तळहात ठेवून मान डोलावली. गाणं बंद करून ती हत्यारं गोळा करायला पुन्हा डिकीत वाकली. डोळे अजून भरून येत होते आणि त्या नादात ती एक गोष्ट साफ विसरली. कंपनीचा अँप्लिफायर नुसती गाणी वाजवत नाही. दार उघडं राहिलं, पट्टा लावला नाही, की जी घंटी वाजते तीसुद्धा त्याच्यातूनच येते. तो काढला की घंटी मुकी होते. तिच्यासाठी वेगळी डबी बसवावी लागते.

बाबा पुढच्या सीटवर बसले. दार उघडंच ठेवून त्यांनी किल्ली फिरवली आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"घंटी वाजत नाहीये गं," ते म्हणाले.

"अगंबाई, राहिलीच की!" ती डिकीतूनच पुटपुटली. "डबी टेबलावर आहे."

"आणतो," बाबा म्हणाले.

तिच्या हातातला पाना तसाच राहिला. आपण ओरडलो नव्हतो. आपलं आपल्यालाही धड ऐकू आलं नव्हतं. ती डिकीतून बाहेर आली, तोवर बाबा डबी घेऊन गाडीपाशी उभे होते, मान खाली घालून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तो बसलेला घसा, ते ड्रॉवरमधलं यंत्र, रोजची ती आरडाओरड!

"बाबा! तुम्हाला ऐकू येतं?" हे मात्र ती ओरडूनच म्हणाली.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "तू जाशील म्हणून भ्यालो होतो गं."

बाबांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत ते स्टिअरिंगखाली वाकले.

"घंटी मी बसवतो," आतून त्यांचा आवाज आला. "तू त्या मॅडमना परत फोन लाव."