भिंतीच्या आत

वैशाखातल्या भर दुपारी गोजाबाईच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला आणि वारा नेमका तिच्या गवती छपराकडे वळला. विहिरीने तळ गाठलेला, शेजारपाजार चिंचवडच्या बाजाराला गेलेला. आग विझवायचा बंब होता तो एकच, तिच्या अंगणाला भिंत लावून उभ्या राहिलेल्या नव्या कारखान्यात. ती धावतच फाटकाशी गेली.

"मालोजीदादा, घंटा वाजवा. बंब आला न्हाई तर घर जातंय माजं."

पहारेकरी मालोजीने मान खाली घातली. पूर्वी कुणी शेतात तण पेटवलं तरी तो घंटा बडवायचा आणि सगळा कारखाना काम टाकून बाहेर पळायचा. शेवटी साहेबांनी नियमच केला. आग भिंतीच्या आत दिसली तरच घंटा वाजवायची, नाहीतर नोकरी सोडायची.

"गोजाबाई, बाहेरच्या आगीला घंटा नाही. मलाही पोरंबाळं आहेत."

"माजी पोरं मी झाडाखाली बसवून आले, दादा. घर कसं उचलून आणू?"

गोजाबाई आल्या पावली परत पळाली. तिने काठीच्या टोकाला एक पेटती पेंढी अडकवली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून भिंतीपलीकडे भिरकावली.

 

"आता तुमच्यात लागली, दादा," ती फाटकाशी परत धावत येऊन म्हणाली, "वाजवा घंटा."