शेवटची बारा पानं

वर्ष सरता सरता पारोळ्याच्या वाचनालयात फलक लागला, 'यंदाची आमच्या आवडीची पुस्तकं'. ग्रंथपाल प्रमिलाबाईंनी सुचवलेल्या जाडजूड ग्रंथाला कुणी हातही लावला नाही. शिपाई निंबाभाऊंनी सुचवलेल्या कादंबरीला मात्र नंबर लागले, कारण तिच्या नावाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'शेवटली बारा पानं फाटेल शेतस. शेवट माले इचारा.'

निंबाभाऊ माणूस पाहून शेवट सांगायचे. द्रौपदाअक्कांसाठी त्यांनी नायिकेचं लग्न लावून दिलं, रिटायर फौजदारांसाठी खुनी पकडून दिला. मग बसस्टँडवर दोघांची गाठ पडली आणि खरा शेवट कोणता यावरून अशी जुंपली, की दोघांचीही एसटी चुकली.

"आता खरं काय ते कळू दे सगळ्यांना," म्हणत प्रमिलाबाईंनी जळगावहून कोरी प्रत मागवली. पानाचा कोपरा दुमडला तरी वाचकाला फैलावर घेणाऱ्या बाई त्या. पार्सल फोडून त्यांनी उभ्या उभ्याच शेवट वाचला. नायिकेला जाग येते आणि सगळं स्वप्नच निघतं.

बाईंनी चष्मा काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हाक मारली.


"निंबाभाऊ, जरा कात्री आणा."