ध्रुवदर्शन

होमाच्या धुराने ऋजुताचे डोळे इतके चुरचुरले की सप्तपदी आटोपताच तिने खोलीत जाऊन लेन्स काढल्या आणि चष्मा चढवला. "अगं, फोटो राहिलेत अजून!" आई कळवळली.

ऋजुताला घोर वेगळाच होता. केराटोकोनसमुळे तिची बुबुळं शंकूसारखी पुढे आली होती. कडक लेन्स लावल्या तरच स्वच्छ दिसे. चष्म्यातून एका दिव्याचे चार-पाच होत. कौस्तुभला हे सांगायचं साखरपुड्यापासून राहून गेलं होतं.

तिन्हीसांजेला गुरुजींनी दोघांना कार्यालयाच्या गच्चीवर नेलं. नवऱ्याने बायकोला ध्रुवतारा दाखवायचा, तिने "दिसला" म्हणायचं. कौस्तुभने उत्तरेकडे बोट केलं. "दिसला?"

तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणून टाका, ताई," गुरुजी म्हणाले. "इथून कुणालाच दिसत नाही."

संसाराची सुरुवात थापेने करणं तिच्या जिवावर आलं. "नाही दिसला. लेन्स नसल्या की मला चष्म्यातूनही नीट दिसत नाही. कायमचंच आहे हे."

गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. कौस्तुभने बोट खाली घेतलं. आजवर सगळ्यांनी तिला "दिसतं ना?" एवढंच विचारलं होतं.

"मग कसं दिसतं?" त्याने विचारलं.

"तो खांबावरचा दिवा म्हणजे द्राक्षांचा घड."

"आणि मी?"

तिने चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"दोन आहेस. दोघंही हसतायत."